केसली याडीचं मत

केसली याडीनं मत कोणाला दिलं, हे मला आजही माहीत नाही. आणि मी कापसाचा दलाल आहे. समोरच्याच्या मनातला भाव त्याच्या तोंडून नाही तर त्याच्या बोटांतून काढून घेणं, यावर मी घर बांधलं, पोरं शिकवली. पांढरकवड्याच्या बाजारात रुमालाखाली हात घालून मी भल्याभल्या व्यापाऱ्यांना बोलतं केलं. ही एक बाई मला पुरून उरली.

याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. ती माझी आई नव्हती, तशी कोणाचीच नव्हती. तिला मूल नव्हतं. पण तांड्यातली लहानथोर माणसं तिला याडीच म्हणत. आमचा तांडा झरी गावाच्या बाजूला, जंगलाच्या कडेला. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरले. आम्ही मात्र तिथं बसलो तर बसलोच, कापूस-ज्वारी पेरत राहिलो. तांड्याखाली नाला. उन्हाळ्यात नाला आटला की बाया वाळूत झिरा खणायच्या आणि वाटी-वाटीनं पाणी भरायच्या. विहीर नव्हती. या लेखात पुढं जे काही आहे ते सारं त्या विहिरीपायी झालं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

केसली वेचणाऱ्या बायांची मुकादमीण होती. दिवाळीनंतर कापूस फुटला की शेतकरी तिच्याकडं यायचे, आणि वेचणीचा भाव तीच ठरवायची. उंच, हाडकुळी, नाकात जुनी भुरिया, आणि गालात कायम तंबाखू. तिची बोलणी करायची रीत अशी, की समोरचा भाव सांगून संपला की ती तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात न्यायची. बस. हो नाही, ना नाही. तो माणूस घाबरून स्वतःच भाव वाढवायचा. ही युक्ती मी तिच्याकडूनच उचलली. मी फक्त तंबाखूऐवजी सुपारी वापरतो.

तिचा एक प्रश्न ठरलेला असायचा. कोणी काही कबूल केलं की म्हणायची, "अन् तवर?" शेतकरी म्हणाला, होळीला पैसे देतो. "अन् तवर?" शाळामास्तर म्हणाला, पुढच्या साली दुसरा मास्तर येईल. "अन् तवर?" या दोन शब्दांनी तिनं पुष्कळ मोठ्या लोकांची तोंडं बंद केली. मी तरुण होतो तेव्हा तिला म्हणालो होतो, "याडी, मी एक दिवस मोठा अडत्या होईन." ती खांद्यांनी हसली. ती नेहमी खांद्यांनीच हसायची, तोंड बंद ठेवून. म्हणाली, "होजो बाप्पा. अन् तवर हे गठोडं उचल."

छप्पन साली मतदारांची नावं नव्यानं लिहायला एक कारकून तांड्यात आला. त्याच्याआधीच्या खेपेला आमच्या बायांची नावं अमक्याची बायको, तमक्याची आई अशीच लिहिली गेली होती, आणि वरच्या साहेबांनी ती सारी खोडून टाकली होती. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि परक्या माणसापुढं स्वतःचंही सांगत नाही. मग कारकून तरी काय लिहिणार? या वेळी तो आधीच वैतागून आला होता. मी बाजूला उभा होतो.

"नाव?"

"केसली."

"कोणाची?"

"माही."

"अगं बाई, नवऱ्याचं नाव सांग."

"तो मेला."

"मेला तरी नाव होतं ना त्याला?"

"होतं. जित्ता होता तेव्हा नाई घेतलं, आता कायले घेऊ?"

लोक हसले. कारकुनानं मला विचारलं, मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "मागं हिला त्याची बायको म्हणूनच लिहिलं होतं, म्हणून तर खोडलं."

"बरं केलं," केसली म्हणाली. "थे बायको त्याच्यासंगंच गेली. केसली हाये अजून. तिलेच लिहा."

मग ती तिथून हलली नाही. एकेक बाई पुढं आणायची, तिच्या पाठीत बोट खुपसायची आणि म्हणायची, "सांग वो तुहं नाव. मोठ्यानं." कित्येक बायांची नावं त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा ऐकली. एका म्हाताऱ्याला आपल्या बायकोचं नाव ऐकून हसूच आवरेना. चाळीस वर्षं तो तिला "अगं ए" म्हणत आला होता. नाईकाला हे आवडलं नाही. नाईक म्हणजे तांड्याचा मुखिया. त्याचा शब्द म्हणजे तांड्याचा शब्द. पण नावं जास्त म्हणजे तांड्याची मतं जास्त, हे त्याला मी समजावलं, तेव्हा तो गप्प झाला.

सत्तावन्नच्या निवडणुकीत मतांचा सौदा मीच जमवला. लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि आजही वाटत नाही. आमच्यापाशी विकायला दुसरं होतं काय? उमेदवार दोनच होते. त्यांच्या पेट्यांवर कोणती चित्रं होती ते लिहीत नाही, नाहीतर अजूनही भांडणं व्हायची. त्यातल्या एका उमेदवाराचा कारभार यवतमाळचे एक वकीलसाहेब पाहत. ते जीपमधून आले, नाईकाच्या बाजेवर बसले आणि म्हणाले, "तांडा एकगठ्ठा द्या. उन्हाळ्याआधी विहीर."

मागून आवाज आला, "अन् तवर?"

वकीलसाहेब हसले. "तोवर नाल्याचं प्या, बाई. इतकी वर्षं प्यायलात ना?"

"अन् एखाद्यानं नाई देल्लं त?"

"मग आम्हाला कळेल." त्यांनी समजावून सांगितलं, कारण ते खूश होते. प्रत्येक केंद्राच्या पेट्या वेगळ्या उघडतात, वेगळ्या मोजतात. तुमच्या तांड्याचं केंद्र वेगळं, कारण नाला ओलांडून कोणी येत नाही. म्हणजे तुमच्या पेट्यांत जे निघेल ते तुमचंच.

सगळे हसले. मीही हसलो. केसलीनं तंबाखू या गालातून त्या गालात नेली.

त्या वेळची पद्धत आजच्या लोकांना सांगावी लागते. कागदावर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चित्र. पेट्या पडद्यामागं ठेवलेल्या. आत जायचं आणि कोरा कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. आमच्या एकखोली शाळेत पडदा पुरेसा नव्हता, म्हणून नाईकानं घरची सतरंजी दिली. दोरीवर ती सतरंजी टांगली. ती तोकडी होती. आणि उमेदवाराचा माणूस म्हणून नाईक स्वतः आत बाकावर बसला. सतरंजीवरून त्याचा लाल फेटा दिसायचा. आतल्या माणसाला फेटा दिसे, फेट्याला आतला माणूस दिसत नसे. पण हे आमच्या बायांना कोणी सांगितलं नाही.

मोजणीला मी यवतमाळला होतो. आमच्या केंद्राची आमची पेटी भरलेली निघाली. मग कारकुनानं दुसरी पेटी उघडून टेबलावर उलटी केली. एकच कागद पडला. त्यानं पेटी हलवली, आत डोकावला. एकच. वकीलसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

आमचा उमेदवार निवडून आला. चांगला दणकून आला. दोन आठवड्यांनी मी विहिरीसाठी वकीलसाहेबांच्या बंगल्यावर गेलो.

"एकगठ्ठा म्हणाला होतात," ते म्हणाले. "गठ्ठा फुटला."

"साहेब, गाठीत एक सरकी निघाली म्हणून तुम्ही सारी गाठ परत करता काय?"

"हे कापसाचं दुकान नाही." त्यांनी चष्मा पुसला. "ज्या गावांनी पूर्ण मतं दिली त्यांचं आधी होईल. तुम्ही तुमच्या माणसांत बघा कोण ते."

मी त्यांना काय बोललो ते इथं छापता येणार नाही. त्यांच्या शिपायानं मला दाराबाहेर काढलं. मला आजही वाटतं, पेटी पूर्ण निघाली असती तरी त्यांनी दुसरं काही काढलं असतं. तो माणूस द्यायला आलाच नव्हता. पण आम्ही त्याच्या हातात निमित्त दिलं, आणि त्या निमित्तानं त्यानं आमची विहीरही खाल्ली आणि आमच्यातच काडी लावली. पुढं ते फार मोठे झाले. त्यांच्या दारात मी परत पाय ठेवला नाही, आणि त्यांच्या नावानं बांधलेल्या कोणत्याही इमारतीत आजही जात नाही.

तांड्यात बातमी पोचली तेव्हा झिऱ्याचं पाणी तळाला गेलं होतं. बाया वाटीनं पाणी खरवडत आणि म्हणत, एका कागदापायी. होळीला सगळा तांडा जमला. गाणी झाली नाहीत. देवीच्या ठाण्यापुढं नाईकानं तांब्याभर पाणी आणि ताटलीत मीठ ठेवलं. आमची शपथेची जुनी रीत: चिमूटभर मीठ पाण्यात सोडायचं आणि बोलायचं; खोटं बोलणारा मिठासारखा विरघळतो. घरटी एक माणूस, आपल्या घराच्या वतीनं. नाईकानं सांगून ठेवलं होतं, की आज सगळ्या घरांनी शपथ घेतली आणि चोर नाही सापडला, तर उद्या घरातल्या बायांना एकेकीला उभं करू.

सर्वात आधी नाईकानं स्वतःच्या घराची शपथ घेतली. मग बाकीचे. मीठ पडत गेलं. केसली विधवा, तिच्या घराचा कर्ता माणूस तीच, म्हणून तिची पाळी आली. ती उठली. बाजूला जाऊन तिनं तंबाखू थुंकली, चूळ भरली. आम्हाला वाटलं, देवीपुढं बोलायचं म्हणून तोंड साफ करते आहे. तिनं चिमूटभर मीठ उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत ताटलीत ठेवलं.

"मी नाई घेत शपथ."

"काहून?" नाईक म्हणाला.

"पडद्यामांगं मी एकली होती. तिथं तू नव्हता, तांडा नव्हता. थे तिथंच राह्यलं."

"म्हणजे तूच टाकलं?"

"मी हाव बी नाई म्हणत, नाई बी नाई म्हणत."

कोणीतरी ओरडलं, "नसन टाकलं त नाई म्हण न वो याडी! एवढंच त म्हणाचं हाये!"

"आज मी नाई म्हणलं त उद्या सुनांले इचारान," ती म्हणाली. "पोरींले इचारान. पुढच्या मताले पुन्हा मीठ मांडान. एकदा कोनं तरी गप बसलं पाह्यजे."

नाईकानं तिघा म्हाताऱ्यांकडं पाहिलं. त्यांनी माना हलवल्या. विस्तव-पाणी बंद. तिच्या चुलीला कोणी विस्तव द्यायचा नाही, तिला झिऱ्यावर येऊ द्यायचं नाही, तिच्यासोबत वेचायला जायचं नाही. मी लोकांची तोंडं पाहत होतो. मला ती वाचता येतात. चोर सापडल्याचा राग किंवा आनंद त्यांच्यावर नव्हता. आपल्या घरावरची पाळी टळली म्हणून ते हलके झाले होते. शिवाय पाणी का नाही याचं उत्तर आता मिळालं होतं, आणि ते उत्तर नाल्यापलीकडं जाऊन राहणार होतं.

केसली नाल्यापलीकडं गेली. तिथं थोड्या अंतरावर कोलामांचं पोड आहे, त्यांची लहानशी वस्ती. पहिल्या दिवशी तिच्या चुलीला विस्तव एका कोलाम बाईनं दिला. झोपडी तिनं जंगलाच्या हद्दीत घातली. झिरा तिनं स्वतः खणला, तांड्याच्या झिऱ्याच्या खालच्या अंगाला, कारण वरच्या अंगाला तिला मनाई होती. तांड्याची ढोरं पाणी पिऊन घाण करून गेली की उरलेलं तिच्या खड्ड्यात झिरपायचं. ती फडक्यातून गाळून प्यायची. वेचायला एकटीच जायची. एकटीला कोण विचारतो? जो भाव मिळेल तो घ्यायची. आता ती तंबाखू गालात फिरवत नव्हती. फिरवली तर समोरचा दुसरीकडं जायचा.

मी तोवर तांडा सोडून बाजारात राहायला गेलो होतो. माझ्यावर तांड्याचा हुकूम फारसा चालत नसे. एकदा बाजाराच्या दिवशी ती भेटली तेव्हा मी तिच्यापुढं बसलो आणि रुमाल पसरला.

"तोंडानं नको सांगू, याडी. हात रुमालाखाली घाल. एक बोट दाबलं त आपली पेटी. दोन दाबले त दुसरी. देवीलेबी नाई कळणार."

तिनं हात खाली घातला. माझी पाचही बोटं एकदम अशी आवळली की मी ओरडलो. आणि मग किती तरी दिवसांनी तिचे खांदे हलताना दिसले.

"तू लय मोठा दलाल झाला रे," ती म्हणाली.

मी चिडलो. मला चटकन राग येतो. म्हणालो, "अवं, एकदा मले सांग की तू नाई टाकलं. मी नाईकाशी बोलतो. एक जेवण देऊन तुले आत घेऊ. माह्यं ऐकन तो."

"अन् मले आत घेशीन त बाहेर कोनाले काढशीन?"

मी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. तिनं काय विचारलं ते मला तेव्हा कळलं नाही.

ते कळलं फार उशिरा. केसली जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, नाईकही गेला होता. नाईकाची सून सक्री, तिचेही केस पिकले होते. तिनं मला आपल्या अंगणात बसवून सांगितलं.

सक्री त्या साली नवी नवरी होती. मत द्यायला पडद्यामागं गेली, पदर उचलू लागली, तर सतरंजीवरून सासऱ्याचा फेटा दिसला. सासऱ्यासमोर पदर वर करायचा नाही. तिनं पदर पुन्हा छातीपर्यंत ओढला. तिला पेट्यांवरची चित्रं दिसलीच नाहीत. हाताला जी पेटी आधी लागली तिच्या फटीत कागद टाकला आणि बाहेर आली. एक मत दुसऱ्या पेटीत निघालं हे ऐकल्यावर तिला घाम फुटला. शेवटच्या वेचणीला ती केसलीच्या बाजूच्या ओळीत होती. तिथं रडत रडत तिनं केसलीला सांगितलं. केसली एवढंच म्हणाली, "दुसऱ्या कोनाले सांगू नको. नवऱ्यालेबी नाई."

म्हणजे नाईकानं देवीपुढं सगळ्यांआधी मीठ सोडलं, तेव्हा तो नकळत खोटं बोलला होता. दुसऱ्या दिवशी बायांना उभं केलं असतं तर सक्रीची पाळी आली असती. ती पोर खोटं बोलू शकणारी नव्हती. तिला माहेरी हाकललं असतं, आणि नाईकाचं हसं झालं असतं ते वेगळं. होळीच्या दिवशी केसलीनं फक्त एवढं म्हटलं असतं, की तुझ्या घरात विचार, तर ती सुटली असती. नाईक तिच्या मुठीत आला असता. विस्तव-पाणी तर सोडाच, त्यानं तिला बसायला बाज दिली असती. असा माल माझ्या हाती असता तर मी तो त्याच दिवशी विकला असता, आणि चांगल्या भावानं. तिनं तो तसाच ठेवला. सडू दिला म्हणा हवं तर.

आणि तिचं स्वतःचं मत? तिनं ते आमच्या पेटीत टाकलं असलं पाहिजे, कारण दुसऱ्या पेटीत एकच कागद होता आणि तो सक्रीचा. हिशेबानं तसंच येतं. पण तिनं कागद टाकलाच नसेल, पेटीवर नुसता ठेवला असेल, कमरेला खोचून परत आणला असेल, तर? तसंही बरेच जण करत. तिला विचारलं असतं तर गालात तंबाखू फिरली असती.

बासष्टच्या निवडणुकीआधी कायदा बदलला. पेटी आता एकच, आणि ती सगळ्यांसमोर. पडद्यामागं जाऊन कागदावर चित्रापाशी शिक्का मारायचा, घडी घालायची आणि बाहेर येऊन पेटीत टाकायची. ते शिकवायला तहसिलीतून एक तरुण साहेब आला. चांगला मुलगा होता. शाळेपुढं तांडा बसला. नाल्याच्या बाजूनं केसली आली आणि लांब, एका दगडावर बसली. सतरंजीवर कोणी तिला बसू दिलं नसतं. साहेबानं शिक्का दाखवला, कागद दाखवला, म्हणाला, "आता तुमचं मत कोणालाच कळणार नाही. पूर्ण गुप्त."

"साहेब," लांबून आवाज आला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिच्याशी बोलायची बंदी होती, ऐकायचीही असावी. "मोजते वक्ती आमच्या तांड्याचे कागद येगळे मोजान, का साऱ्या गावांचे एकत्र करून?"

साहेब म्हणाला, "वेगळे, बाई. प्रत्येक केंद्राचा हिशेब वेगळा लागतो."

"मंग पडदा कायले लावता?"

नाईक ओरडला, "गप बस वो!" मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, सरकी काढायच्या जिनात दहा गावच्या गाड्या येतात. एक ढीग होतो. मग कोणी सांगू शकते काय, कोणतं बोंड कोणाचं? तसं करा. दहा केंद्रांच्या पेट्या एका ठिकाणी उलट्या करा, कालवा, मग मोजा. कोणाची विहीर अडणार नाही, कोणाची चूल विझणार नाही."

"कायदा दिल्लीत होतो," साहेब म्हणाला. "पण मी वर कळवतो."

"अन् तवर?" हे केसली म्हणाली नाही. मी म्हणालो. साहेबानं कागद गोळा करून पिशवीत भरले.

पेटी बदलली, मोजणी नाही बदलली. कायदा करणाऱ्यांनी मत देणाऱ्या हातावर पडदा घातला आणि मतं मोजणाऱ्या टेबलावर दिवा लावून ठेवला. एकट्या माणसाचं मत झाकलं म्हणजे काम झालं असं त्यांना वाटलं. आमच्याकडं एकटा माणूस नसतो हो. तांडा असतो, पोड असतं, वाडी असते. त्या वस्तीचं मत उघडं पडलं की आतला एकटा माणूस शोधायला फार वेळ लागत नाही. हे मी पुढं कितीदा, किती पुढाऱ्यांना सांगितलं. ते हसून म्हणायचे, कोणत्या गावानं काय दिलं ते कळायला नको का? हो, तुम्हाला कळायला हवंच आहे. रोग तोच आहे.

बासष्ट सालीच, उन्हाळा तापायच्या आत केसली गेली. ताप आला होता. कोलामांनी तिला पुरलं. तांड्यातून कोणी गेलं नाही. मला चार दिवसांनी कळलं. मला ती शेवटची दिसली ती त्याच्या थोडं आधी, मतदानाच्या दिवशी.

ती सकाळीच आली होती. धुतलेला घेरदार फेटिया, म्हणजे आमच्या बायांचा घागरा, हातात बांगड्या नाहीत, डोईवर पदर. रांगेत उभी राहिली तेव्हा पुढची बाई दोन पावलं पुढं सरकली आणि मागची दोन पावलं मागं. तिची पाळी आली. अधिकाऱ्यानं कागद चाळले. "केसली नाव नाही."

मी आत उमेदवाराचा माणूस म्हणून बसलो होतो, दुसऱ्या उमेदवाराचा. वकीलसाहेबांच्या विरोधात कोणीही असता तरी मी बसलो असतो. मी उठलो. अधिकाऱ्यानं सांगितलं, ही बाई गाव सोडून गेली अशी हरकत आली होती, नाव कमी झालं. हरकत कोणाची? नाईक बाकावर बसून फेटा सारखा करत होता.

"ती नाल्यापलीकडं राहते! इथून हाक मारली तर ऐकू जाते!"

"मग तिकडच्या यादीत असेल."

"तिकडं जंगलखात्याची जागा आहे. घराला नंबर नाही. नंबर नाही म्हणून तिकडं नाव घेत नाहीत, अन् इकडून तुम्ही काढलं. मग ही बाई आहे कुठं? तुमच्यासमोर उभी आहे ती कोण?"

"हे पहा, आरडाओरडा केला तर मला पोलिसाला बोलवावं लागेल."

मी टेबलावर हात आपटला. शाईची दौत सांडली. पोलीस आला. तेव्हा केसली माझ्याकडं वळून म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे. बस खाली." आणि अधिकाऱ्याला म्हणाली, "बाहेर बसू का? का त्यालेबी नाव लागते?"

पोलिसानं मला बाहेर काढलं. ती शाळेच्या भिंतीला पाठ टेकवून, रांगेकडं तोंड करून बसली होती. मी तिच्याजवळ उभा राहिलो. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईकडं ती पाहत होती. कोणाची मान वर नव्हती. एकदाच म्हणाली, "साऱ्याजणी आल्या. पाह्य."

मग सक्री आली, कडेवर पोर घेऊन. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून मी जे पाहिलं त्याचा अर्थ मला लागला नाही. केसली दिसताच सक्री थबकली. तिनं पोराला खाली उतरवलं आणि रांगेतून एक पाय बाहेर टाकला, भिंतीच्या दिशेनं. दारातून नाईक सुनेकडं पाहत होता.

केसलीनं ते पाहिलं. ती झटकन उठली, आणि भिंतीकडं तोंड करून बसली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. जसं काही तिला कोणाचं तोंड पाहायचं नव्हतं. रांगेतल्या एकीनं दुसरीला कोपर मारलं. "पाह्य, किती माजली," ती म्हणाली.

सक्रीनं बाहेर टाकलेला पाय मागं घेतला. पोराला उचललं आणि रांगेबरोबर पुढं सरकली. आत गेली, बाहेर आली, आणि आमच्या अगदी जवळून तांड्याकडं निघून गेली. तिच्या पायातल्या वाळ्यांचा आवाज लांबपर्यंत येत होता. तो थांबेपर्यंत केसलीची पाठ हलली नाही.